जागलीला कॅमेरा : घ्यायचा कसा आणि पैसे कोणी मोजायचे?



गेल्या दोन-तीन बैठकांत एक प्रश्न वारंवार आला. भाव, वीज आणि कर्ज हे विषय संपले, चहा आला की कोणी तरी खिशातून मोबाइल काढतो, त्यावर एका कॅमेऱ्याची जाहिरात दाखवतो आणि विचारतो, "हे घेतलं तर जागलीला जायचं काम पडणार नाही का?" यवतमाळ-वर्ध्याकडचे कापूस-ज्वारीवाले पाहुणे हे विचारतात, आमचे गोंदियाचे धानवालेही विचारतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदा छापूनच टाकावे, असे ठरले.

आमचा जिल्हा धानाचा. कोरडवाहू पट्ट्यातल्या वाचकांना वाटेल, यांना आमच्या पऱ्हाटीचे काय कळणार? पण रानडुकराला जिल्ह्याची हद्द कळत नाही. तो आमची लोंबीवर आलेली बांधी लोळून सपाट करतो आणि तुमच्याकडे हिरवी बोंडे फोडतो. रोही इकडे धुऱ्यावरची तूर खातो, तिकडे कोवळी पऱ्हाटी आणि हरभरा. ज्वारीचे तर बोलायलाच नको. जिथे घरटी चार-चार एकर ज्वारी होती तिथे आज कडब्यापुरतीही दिसत नाही. भावाने तिला मारले हे खरेच; पण पाखरे आणि डुकरे यांनीही तिला शेताबाहेर काढले. पेरली तर राखायला माणूस पाहिजे, आणि रात्री राखायला जाणारा माणूस आता मिळत नाही. मिळाला तरी त्याची बायको त्याला जाऊ देत नाही. तिचे चूक नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या काठावरच्या गावांत दिवस मावळल्यावर शेताकडे जाणे म्हणजे काय, ते तिला ठाऊक आहे.

जागल ही कधीच फुकट नव्हती. ती आम्ही कधी हिशेबात धरली नाही, एवढेच. मचाणावर काढलेल्या रात्रींची मजुरी कोणत्या सरकारने उत्पादन खर्चात धरली? आता त्या जागलीच्या जागी यंत्र येत असेल तर आम्ही त्याला विरोध करणारे नाही. शेतकऱ्याला तंत्रज्ञान वापरण्याचे स्वातंत्र्य असावे, ही आमची जुनीच भूमिका आहे. ते बियाण्याला लागू आहे तसे कॅमेऱ्यालाही. मात्र तंत्रज्ञान विकणारा आणि तंत्रज्ञान यांत फरक करावा लागतो.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने हा धडा पैसे मोजून घेतला. तालुक्याच्या बाजारातून त्याने स्वस्तातला बाहेरचा कॅमेरा आणला. डब्यावर पावसात भिजणाऱ्या घराचे चित्र होते. शेतातल्या विहिरीजवळच्या खांबावर तो बसवला, आणि मग कळले की त्याला वायफाय लागते. विहिरीवर वायफाय कुठले? दुकानदार म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही." तो कॅमेरा आता घरी कोठ्यासमोर लावला आहे आणि त्यात म्हैस रवंथ करताना फार छान दिसते.

म्हणून पहिली गोष्ट ही की कॅमेरा घराला हवा की शेताला, हे आधी ठरवा. दोन्हीकडे चालेल असा एकच कॅमेरा म्हणून जो विकला जातो, तो बहुधा दोन्हीकडे अर्धवट चालतो.

घराचे काम सोपे आहे. कोठा, ट्रॅक्टरची बॅटरी, अंगणात ठेवलेली मोटर, ओसरीत भाव वाढण्याची वाट बघत पडलेला कापूस हे सारे वीस-पंचवीस फुटांच्या आत असते. वीज असते, बहुतेक घरी मोबाइलवरून इंटरनेट घेता येते. तिथे दोन-अडीच हजारांच्या आसपासचा साधा वायफाय कॅमेरा पुरतो. दोन मेगापिक्सेलवर ओळखीचा चेहरा दारापाशी ओळखू येतो. तीन-चार मेगापिक्सेल असेल तर बरेच, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. अंगावर आयपी 65 किंवा 66 असे लिहिलेले असावे. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 66 म्हणजे धूळ आत जात नाही आणि जोरदार पाण्याचा मारा सोसतो. आमच्याकडच्या पावसाला एवढे लागतेच. आणि चित्र मेमरी कार्डावर साठवण्याची सोय पाहिजे. काही कंपन्या चित्र त्यांच्याकडे साठवतात आणि त्याचे दरमहा भाडे घेतात. कॅमेरा आपला, शेत आपले, चोर आपल्या गावचा आणि चित्राचे भाडे मात्र कंपनीला! या भानगडीत पडू नये.

शेताचे काम अवघड आहे. त्यावर थोडे जास्त लिहितो.

एक एकराचा चौरस केला तर एक बाजू 209 फूट येते. पाच एकरांची बाजू साधारण 467 फूट, म्हणजे चहूकडून पावणेदोन हजार फुटांहून जास्त धुरा. डब्यावर 'रात्री 30 मीटर दिसते' असे लिहिलेले असते. 30 मीटर म्हणजे 100 फुटांच्या आत. त्यातही प्रत्यक्षात काळ्या अंगाचे डुक्कर ओळखू येईल असे निम्मेच अंतर धरा. तेव्हा एका कॅमेऱ्याने पाच एकर राखले जाईल हा भ्रम डोक्यातून काढा. कॅमेरा शेत राखत नाही, वाट राखतो. डुक्कर रोज नव्या जागेने येत नाही. नाल्यातून चढणारी त्याची पायवाट, कुंपणातले भोक, धुऱ्यावरचा खुरांचा चिखल हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. कॅमेरा तिथे लावावा, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या आसपास. घराला दहा फुटांवर लावतात म्हणून शेतातही उंच बांबूवर चढवला तर चित्रात पाठ दिसते आणि पिकाचा शेंडा दिसतो. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असावे. पूर्व-पश्चिम केले की सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट काचेत येतो. ज्वारीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे : जुलैमध्ये जिथून सारे शेत दिसत होते तिथून सप्टेंबरमध्ये फक्त पाने दिसतात.

त्या पानांचाच दुसरा घोटाळा आहे. स्वस्त कॅमेरा चित्रात काही हलले की मालकाच्या मोबाइलवर घंटा वाजवतो. वाऱ्याच्या रात्री ज्वारीचे प्रत्येक पान हलते. पहिल्या रात्री माणूस पन्नास वेळा उठतो, दुसऱ्या रात्री दहा वेळा, तिसऱ्या रात्री घंटा बंद करून झोपतो, आणि डुक्कर चौथ्या रात्री येते. यावर उपाय म्हणून विकणारा सांगतो, "यात माणूस ओळखायची अक्कल आहे, फक्त माणूस आला तरच वाजेल." घरासाठी ही गोष्ट उत्तम आहे. शेतात तीच घातक, कारण रानडुक्कर माणूस नाही. कॅमेरा त्याला बघतो आणि गप्प राहतो. शेतासाठी अंगाची उष्णता हेरणारा सेन्सर असलेला कॅमेरा मागा. त्याला दुकानात पीआयआर म्हणतात. पान कितीही हलले तरी त्याला ते कळत नाही. गरम अंगाचे काही समोरून गेले की कळते. भर उन्हाळ्याच्या दुपारी जमीनच तापलेली असते तेव्हा तो फसतो, पण आपले काम रात्रीचे आहे. रात्रीचा दिवाही दोन प्रकारचा असतो. एकात अंधारात लालसर ठिपका दिसतो, दुसऱ्यात काहीच दिसत नाही पण पल्ला कमी पडतो. जनावरासाठी पहिला चालतो. मोटर आणि केबलच्या चोरासाठी दुसरा बरा, नाही तर तो मोटरीबरोबर कॅमेराही नेतो.

आता विजेचे आणि इंटरनेटचे. शेतातला कॅमेरा सिमवर चालणारा, फोरजीचा घ्यावा लागतो. घेण्याआधी स्वतःचा मोबाइल घेऊन त्या जागी, त्या उंचीवर उभे राहा आणि तिथून एक व्हिडिओ पाठवून पाहा. सालेकसा, देवरीच्या जंगलकाठी जिथे बोलणे नीट ऐकू येत नाही तिथे कॅमेऱ्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. कोणत्याही कंपनीचे सिम चालेल असाच कॅमेरा घ्यावा. चोवीस तास चित्र पाठवायचे म्हटले तर सेकंदाला एक मेगाबिट या अगदी काटकसरीच्या हिशेबानेही दिवसाला सुमारे 11 जीबी लागतात. दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर ते होणे नाही. म्हणून हालचाल झाली तेवढेच पाठवावे, बाकीचे कार्डावर राहू द्यावे. 64 जीबीच्या कार्डावर याच हिशेबाने पाच-सहा दिवसांचे चित्र राहते आणि मग जुने पुसून नवे भरले जाते. तेव्हा काही घडले तर कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा.

सौर पॅनेलची जाहिरात सर्वांत फसवी. सतत जागा राहणारा फोरजी कॅमेरा साधारण 5 वॅट खातो. चोवीस तासांचे 120 वॅट-तास झाले. त्याला 12 व्होल्ट 20 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवस पुरते आणि ती भरायला 40 ते 60 वॅटचे पॅनेल लागते. डब्याबरोबर येणारे तळहाताएवढे पॅनेल हे झोपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी असते. म्हणजे जो एरवी झोपलेला असतो आणि हालचाल झाली की जागा होतो. असा कॅमेरा शेताला चालतो, पण ऑगस्टच्या झडीत आठ दिवस सूर्य दिसला नाही की तोही कायमचा झोपतो. तेव्हा पॅनेल वेगळे बदलता येते का, बॅटरी वेगळी मिळते का, हे विचारून घ्या. दर पंधरा दिवसांनी काच पुसा. रात्रीच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, त्याचे जाळे काचेवर पसरले की सारे चित्र पांढरे होते. विकणारा हे सांगत नाही.

ज्यांना ताबडतोब खबर नको, फक्त कोण येते आणि कुठून येते एवढेच कळायला हवे, त्यांना सिम नसलेला, साध्या सेलवर महिनोन् महिने चालणारा ट्रेल कॅमेरा पुरतो. वनखाते वाघ मोजायला वापरते त्यातलाच तो प्रकार. चार घरांनी मिळून एक घ्यावा आणि पाळीपाळीने लावावा. आमचे मत विचाराल तर कोरडवाहूवाल्याने सुरुवात यापासूनच करावी.

सिमवाला, सौर पॅनेलसह घेतला तर पाच हजारांच्या आगेमागे जातो, चांगला घेतला तर अधिक. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये होता आणि संकरित ज्वारीचा 3,699. म्हणजे पाच हजारांचा कॅमेरा हा 65 किलो कापूस किंवा एक क्विंटल 35 किलो ज्वारी झाला, तीही हमीभावाने विकली गेली तर. वर रिचार्जचे महिन्याला अडीचशे धरले तर वर्षाचे तीन हजार. दोन वर्षांत रिचार्ज कॅमेऱ्याला मागे टाकतो. शिवाय कॅमेऱ्यावर 18 टक्के जीएसटी आहे. तो शेतीच्या उत्पादन खर्चात धरला जाईल, अशी आशा ज्याला आहे त्याने हात वर करावा.

घेताना डब्यावर बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. एप्रिल 2025 पासून सरकारने अशा कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेच्या तपासणीचे नियम कडक केले आहेत, त्यामुळे जुना, न तपासलेला माल स्वस्तात खपवण्याचा प्रयत्न होतो. घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे. 2016 साली 'मिराई' नावाच्या किड्याने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर याच एका आळसामुळे ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे तेही बघा. पहाटे बायका ज्या वाटेने जातात, विहिरीवर जिथे अंग धुतात, तिकडे कॅमेरा वळवणे हा निव्वळ आचरटपणा नाही, भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमाखाली तो गुन्हा होऊ शकतो. शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे तोंड असेल तर त्याला आधी सांगा. धुऱ्याची भांडणे आपल्याकडे आधीच कमी नाहीत.

आता खरा मुद्दा. कॅमेऱ्याने डुक्कर दिसले, पुढे काय?

दिसल्यावर भोंगा वाजवता येतो, दिवा लावता येतो. चार-आठ दिवस जनावर बिचकते, मग भोंग्याला सरावते. रात्री दोन वाजता मोबाइलवर डुकरांचा कळप पाहून एकट्याने काठी घेऊन धावत जाणे हा शहाणपणा नाही. मागे अस्वल किंवा बिबट असेल तर ते चित्रात येतेच असे नाही. कॅमेऱ्याचा खरा उपयोग सकाळी होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्यात जादा संरक्षण म्हणून धरले जाईल. जनावरे कोणती आणि भाग कोणते, हे राज्याने ठरवायचे. शेतकऱ्याने 72 तासांच्या आत पीकविम्याच्या ॲपवर जागेची नोंद असलेले फोटो टाकायचे. या 72 तासांतच मेख आहे. ज्वारी, तूर दाट झाली की मधले नुकसान धुऱ्यावरून दिसत नाही. माणसाला ते चौथ्या दिवशी कळते आणि मुदत संपलेली असते. कॅमेऱ्याने रात्रीच सांगितले तर सकाळी मोबाइल घेऊन जाता येते. ध्यानात ठेवा, फोटो मोबाइलनेच, शेतात उभे राहून, ॲपमधून काढायचा. कॅमेऱ्यातले चित्र हा त्याचा जोड पुरावा. वनखात्याकडचा भरपाईचा अर्जही त्याच दिवशी द्या. पंचनाम्याला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी (नाव तेवढे मोठे झाले), आले की त्यांना चित्र दाखवा, पण मूळ कार्ड कोणाच्या हातात देऊ नका. चोरीच्या प्रकरणातही हेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सॲपवर गावभर फिरलेले चित्र तिथे दुबळे ठरते.

धानाचे पुंजणे पेटवून देण्याचे प्रकार आमच्याकडे दर हंगामात कुठे ना कुठे होतात. वर्षाची मेहनत एका काडीने जाते आणि संशयावरून गाव दुभंगते. निरपराध माणसावर बोट रोखले जाते, दोन पिढ्या बोलणे बंद होते. मळणीपर्यंतचे ते पंधरा-वीस दिवस पुंजण्यांवर एक कॅमेरा असला तर पैसे वसूल झाले असे आम्ही समजतो. कापसाच्या गंजीलाही हेच लागू आहे.

आणि ज्यांनी कुंपणात घरच्या विजेचा करंट सोडला आहे त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, तो आजच काढा. डुकरासाठी लावलेल्या तारेला शेजारी चिकटतो, स्वतःचा मुलगा चिकटतो, वाघ चिकटतो. पहिल्या दोघांत घर उद्ध्वस्त होते, तिसऱ्यात तुरुंग. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर मागे फिरते, मरत नाही. त्यासाठी राज्याच्या जन-वन विकास योजनेतून अनुदानाची सोय आहे. कॅमेरा आणि सौर कुंपण यांपैकी एकच परवडत असेल तर कुंपण आधी घ्या.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आमचा राग सांगतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि साडेतीन कोटींच्या घरात फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले. आम्हाला वाघाचा हेवा नाही. मे 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्यांच्या गळ्यात पट्टे होते आणि त्या कुठे आहेत हे खात्याला कळत होते. धुऱ्यावरच्या माणसाला ते किती वेळा कळले? 2022 साली रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीकडून अर्जुनी मोरगाव तालुक्यात आला, तेव्हाही आमच्या लोकांना खबर मिळाली ती बहुतेक वेळा पिकाच्या आवाजाने. करता येत नाही असे नाही. ताडोब्याच्या काठी सीतारामपेठला 2023 मध्ये वाघ दिसला की गावाला सावध करणारे कॅमेरे वनखात्यानेच बसवले. तिथे जमते तर सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोड्याच्या जंगलकाठच्या गावांत का जमू नये? राळेगाव-मारेगावच्या कापूसवाल्यांना का नाही?

जनावर सरकारचे. कायद्याने परवानगीशिवाय त्याला हात लावायची आम्हाला मुभा नाही. मग त्याच्यावर नजर ठेवायचा खर्चही सरकारचाच आहे. दुसऱ्याच्या बैलाने पीक खाल्ले तर आपण बैलवाल्याकडे जातो. त्याला कॅमेरा आणून दाखवा असे कोणी म्हणत नाही. आता भीती अशी आहे की उद्या भरपाई मागायला गेलो तर खिडकीवरचा बाबू विचारेल, "कॅमेऱ्याचं चित्र आहे का?" आणि नसेल तर अर्ज बाजूला. सवलतीची गोष्ट अट होऊन बसायला वेळ लागत नाही, हे आपण सातबारापासून आधारपर्यंत पाहिले आहे. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव आणत आहोत : जंगलकाठच्या गावांच्या शिवारवाटांवर वनखात्याने स्वतःच्या खर्चाने कॅमेरे लावावेत, त्यांची खबर गावाच्या मोबाइलवर यावी, आणि भरपाई किंवा विम्यासाठी खासगी कॅमेऱ्याच्या चित्राची अट कधीही घालू नये.

ठराव येईपर्यंत पीक थांबणार नाही, हे आम्हाला कळते. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी एकेकट्याने घेऊ नये. दहा जणांची यादी झाली तर दर पाडून मागता येतो आणि दुरुस्तीसाठी दुकानदाराला गावात बोलावता येते. यादी बैठकीच्या दारापाशी ठेवू. ज्यांनी आधीच घेतले आहेत त्यांनी डबा, पावती आणि शक्य असेल तर बिघडलेला कॅमेराही बरोबर आणावा. आमच्या कार्यकर्त्याने म्हशीसमोरचा त्याचा कॅमेरा आणायचे कबूल केले आहे.